ताण आणि पाट
नगर जिल्ह्यातील फळबागांचा पाण्याशी झालेला व्यवहार

बागाइतदाराच्या बोलीत 'ताण' हा शब्द कसबाचा आहे. मोसंबी, लिंबू किंवा डाळिंब यांचा बहर धरायचा तर आधी झाडाचे पाणी तोडावे लागते. आंबिया बहरासाठी ते थंडीच्या दिवसांत तोडायचे, मृगासाठी उन्हाळ्यात. हस्त बहराची भिस्त पावसाच्या उघडिपीवर. हलक्या जमिनीत महिनाभराचा ताण पुरतो, भारी काळ्या जमिनीत तो पुष्कळ लांबतो. झाडाची पालवी थांबते, पाने पिवळी पडतात, थोडी गळतात, आणि वाढीवर खर्च होणारे अन्न फांद्यांत साठू लागते. मग बागेची हलकी मशागत करायची, शेणखत घालायचे आणि पहिले बेताचे पाणी द्यायचे. त्याला आंबवणी म्हणतात. त्यानंतरची चिंबवणी. मग फुले लागतात. कधी तोडायचे आणि कधी द्यायचे, हे ज्याला कळले तो बागवान.

फळझाडाला पाण्याइतकीच तहानेचीही गरज असते, हे आपल्याकडच्या माळ्यांना कोणत्याही शेतकी महाविद्यालयाच्या आधीपासून ठाऊक होते. अहिल्यानगर असे नवे नाव मिळालेल्या आमच्या नगर जिल्ह्याच्या शेतीचा इतिहास मात्र बहुधा 'पाणी कसे आले' याचाच इतिहास म्हणून सांगितला जातो. धरणे, पाट, विहिरी, कूपनलिका, ठिबक ही त्याची प्रकरणे. गेली काही वर्षे मी जुनी गॅझेटिअर आणि शेतकी खात्याच्या पुस्तिका वाचत आणि प्रवरेच्या पाटांच्या कडेने फिरत जिल्ह्यातल्या फळबागांचा माग काढतो आहे. त्यातून मला दिसलेली गोष्ट थोडी निराळी आहे. इथल्या बागा पाणी नसल्यामुळे जितक्या गेल्या, तितक्याच पाण्याला माप न राहिल्यामुळेही गेल्या. आणि माप सुटले की त्याचा पहिला हिशेब झाड देत नाही, जमीन देते.

मोटेचे माप

क्षेत्रफळाने महाराष्ट्रातला हा सर्वांत मोठा जिल्हा. त्याच्या पश्चिमेच्या टोकाला, अकोले तालुक्यात, घाटघर-रतनवाडीच्या बाजूला सह्याद्रीवर पावसाची झोड उठते. तिथून पूर्वेला जावे तसा पाऊस झपाट्याने आटत जातो आणि बहुतेक तालुक्यांच्या वाट्याला वर्षाकाठी पाचशे-सहाशे मिलिमीटर किंवा त्याहूनही कमी येतो. पर्जन्यछायेतल्या अशा मुलखात बाग करणे हे नेहमीच धाडस होते.

सोळाव्या शतकात निजामशाही सुलतानांनी ते केले. शहराच्या आग्नेयेला असलेला फराहबाग आठवावा : भोवती तलाव, मधोमध महाल आणि सभोवार बाग. कापूरवाडी, शेंडी, वडगाव अशा गावांकडून जमिनीखालच्या खापरी नळांनी शहरात पाणी आणण्याची निजामशाहीतली व्यवस्था प्रसिद्धच आहे. उताराचा अंदाज घेत, मधूनमधून उसासे ठेवून, पंपाशिवाय वाहणारे ते पाणी होते. नळ खापरी, म्हणजे त्यांचा पोटाचा घेर ठरलेला. जेवढे झिरपेल तेवढेच वाहणार. सत्ता गेली, डागडुजी थांबली आणि बागा उजाड झाल्या. पण जमिनी बिघडल्याची खूण तिथे मला कुठे आढळली नाही. त्या बागा माणसाच्या हलगर्जीपणाने सुकल्या.

सामान्य शेतकऱ्याची बाग विहिरीवर होती. १८८४ साली प्रसिद्ध झालेल्या मुंबई इलाख्याच्या गॅझेटिअरचा सतरावा खंड नगर जिल्ह्याचा आहे. जिरायत आणि बागायत ही त्यातली विभागणी वाचताना लक्षात येते की तेव्हाची बागायत म्हणजे प्रामुख्याने मोटेखालची जमीन. धावेवरून बैलजोडी उतरली की मोट वर येणार, थारोळ्यात रिकामी होणार, पाणी दंडाने वाफ्यात जाणार. दिवसभर राबून एका मोटेवर फार तर दोन-चार एकर भिजत. बैल दमत, माणूस दमे, उन्हाळ्यात विहीर तळ गाठे. या तिन्ही गोष्टी मिळून एक माप तयार होई आणि ते ओलांडणे कोणाच्याच हातात नव्हते. शेणखत त्याच बैलांचे, बांधावरचा पाला त्याच बागेचा. ही व्यवस्था सुखाची होती असे मला मुळीच म्हणायचे नाही. तिच्यात कष्ट अमाप होते आणि दुष्काळ पडला की ती कोसळत असे. पण तिच्यात पाणी जमिनीला बुडवू शकत नव्हते.

पाट येतो

१८७६ ते १८७८ च्या भीषण दुष्काळाने आणि पुढे १८९६ ते १९०० च्या लागोपाठच्या दुष्काळांनी ही कोसळण्याची बाजू सरकारपुढे उघडी केली. नगर जिल्ह्यात प्रवरेवर ओझरचा आणि लाखचा असे छोटे पाट एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धातच निघाले होते. विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात नांदूर मधमेश्वरच्या बंधाऱ्यापासून गोदावरीचे दोन पाट कोपरगाव भागात पोचले. आणि प्रवरेच्या उगमाजवळ, अकोले तालुक्यात, भंडारदऱ्याचे दगडी धरण उभे राहिले. १० डिसेंबर १९२६ रोजी मुंबईचे गव्हर्नर सर लेस्ली विल्सन यांनी त्याचे उद्घाटन केले. ८२ मीटर उंचीचे हे धरण त्या काळी देशातल्या सर्वांत उंच धरणांपैकी एक होते. त्याचे पाणी नदीतून ओझरच्या बंधाऱ्यापर्यंत येते आणि तिथून डाव्या-उजव्या पाटांनी संगमनेर, राहाता, श्रीरामपूर, राहुरीच्या काळ्या जमिनीवर पसरते.

दख्खनचे हे पाट मूळचे 'संरक्षक' कामे म्हणून कल्पिलेले. दुष्काळात ज्वारी-बाजरी वाचावी, हा हेतू. पण पाऊस बरा झाला की ज्वारीला पाटाचे पाणी कोण घेणार? पाणी विकले जाईना, खर्च भरून येईना. बारमाही पाणी घेणारे आणि पट्टी भरणारे पीक हवे होते. ते उसाच्या रूपाने मिळाले. १८८५ साली सुरू झालेल्या नीरा डाव्या कालव्यावर ऊस पाटाच्या तोंडाशीच दाटीवाटीने होऊ लागला आणि आसपासची जमीन दलदलीची होऊ लागली. मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या तेव्हा मुंबई इलाख्याच्या सेवेत होते. पाणी थोड्यांच्या शेतात साचण्याऐवजी पुष्कळ गावांत, ठरावीक गटांत, पिकांची फेरपालट करून द्यावे, अशी 'ब्लॉक' पद्धत त्यांनी आखली. पाण्याला माप घालण्याचा, माझ्या मते, पाटांच्या इतिहासातला हा पहिला मोठा प्रयत्न. पुढे 'ब्लॉक' हा शब्द शेतकऱ्यांच्या तोंडी बसला, पण हक्काचे पाणी या अर्थाने. फेरपालटीचा अर्थ मागे पडला.

याच नीरेच्या खोऱ्यात पुण्याच्या शेतकी महाविद्यालयाचे प्राचार्य डॉ. हॅरल्ड मान आणि त्यांचे सहकारी व्ही. ए. तम्हाणे यांनी खाऱ्या जमिनींचा अभ्यास केला. तो १९१० साली शेतकी खात्याची पुस्तिका म्हणून छापला गेला. त्यातला निष्कर्ष आज शाळकरी वाटेल इतका सोपा आहे. जमिनीच्या पोटात क्षार आधीपासूनच असतात. पाटाचे पाणी मुरते, निचऱ्याला वाट नसते, त्यामुळे भूजलाची पातळी चढत जाते. ती मुळांच्या जवळ आली की पाणी केशनळ्यांसारख्या सूक्ष्म छिद्रांतून वर खेचले जाते, उन्हाने उडून जाते आणि क्षार मागे ठेवते. जमिनीवर पांढरा खार फुटतो. उपाय निचऱ्याचा : चर खणा, पाणी बाहेर काढा, मग जमीन धुतली जाते. ज्या सुमारास ही पुस्तिका निघाली, त्याच सुमारास भंडारदऱ्याच्या बांधकामाला सुरुवात झाली होती. म्हणजे रोगाचे निदान धरणाच्या सोळा वर्षे आधी हाताशी होते. पाट खणले गेले. चरांचे काम मात्र मागे राहिले. पाट खणणे हे सरकारचे काम मानले गेले आणि निचरा हे ज्याच्या त्याच्या शेताचे. पण वरच्या शेताचे मुरलेले पाणी खालच्या शेतात निघते. एकट्याने चर खणून तो न्यायचा कुठे?

मोसंबीचे दिवस

पाटाबरोबर माणसेही आली. नीरेवर उसाचे तंत्र शिकलेले सासवडकडचे माळी गोदावरी-प्रवरेच्या पट्ट्यात उतरले. हरेगावला बेलापूर कंपनीचा खासगी साखर कारखाना उभा राहिला. आणि उसाच्या जोडीने मोसंबी आली. हे फळ पूर्व आफ्रिकेतल्या मोझांबिकहून आले असे मानतात. नाव तरी तिथलेच. श्रीरामपूर, राहुरी, कोपरगाव या पट्ट्यात विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत मोसंबीच्या बागा इतक्या झाल्या की मुंबईच्या बाजारात श्रीरामपूर हे मोसंबीचे गाव म्हणून ओळखले जाऊ लागले. रेल्वे दाराशी होतीच. घरे बांधली गेली, मुले पुण्याला शिकायला गेली, लग्ने झाली ती मोसंबीच्या बहरावर.

मग झाडे शेंड्याकडून वाळू लागली. आधी टोकाच्या डहाळ्या पानाविना उघड्या पडत, फळ बारीक राही, मग फांद्या, मग झाड. शास्त्रज्ञ याला 'डायबॅक' म्हणत. हा प्रश्न इतका गंभीर झाला की त्याच्या अभ्यासासाठी श्रीरामपूरलाच संशोधन योजना चालवावी लागली. कारणे एक नव्हती. माव्यामार्फत पसरणारा ट्रिस्टेझा, सिल्ला किडीमार्फत पसरणारा ग्रीनिंग हे रोग होते. रोपवाटिकांतून रोगट कलमे आली. खुंट चुकीचे निवडले गेले. हे सगळे खरे आहे. पण या सर्व कारणांच्या खाली, अक्षरशः खाली, जमीन होती.

मोसंबीची अन्न घेणारी मुळे बहुतेक वरच्या दोन फुटांत असतात. त्यांना हवा लागते. काळ्या जमिनीतली चिकणमाती ओली झाली की फुगते आणि तिच्यातली हवेची जागा संपते. अशा कोंडलेल्या ओलीत फायटोफ्थोरा ही बुरशी माजते. मुळे कुजतात, खोडातून डिंक वाहतो. शेतकरी त्याला डिंक्या म्हणतात. क्षारांतले सोडियम वाढले की मातीचे कण विस्कटतात आणि जमीन चोपण होते : ओली असताना चिखल, वाळली की दगड. त्यात चुनखडी जास्त असली तर लोह मुळांना मिळत नाही आणि पाने शिरांमधून पिवळी पडतात. असे झाड रोगाला सहज बळी पडते.

श्रीरामपूर तालुक्यातल्या एका गावात ऐंशीच्या पुढचे एक शेतकरी मला भेटले. त्यांच्या वडिलांची बाग होती. मी विचारले, "बाबा, बाग कशानं गेली? पाणी तुटलं होतं का?"

"तुटलं असतं तर वाचली असती, सर," ते म्हणाले. "ताणच बसंना. आम्ही पाणी तोडायचो, पण जमीन वाळतीय कशाला? शेजारी ऊस, वर पाट. हातभर खणलं की ओल. झाडाला कळंचना की त्याचं पाणी तोडलंय म्हणून."

मला या वाक्यात मोसंबीच्या पडझडीचे जितके नेमके वर्णन सापडले तितके अहवालांत क्वचितच सापडते. ताण देता येत नाही म्हणजे बहर बागवानाच्या हातात राहिला नाही. फुले केव्हाही, थोडी थोडी येणार, फळ बाजाराच्या वेळेला मिळणार नाही, आणि मुळे मात्र बारमाही ओलीत कुजत राहणार.

याच काळात पर्यायही तयार होता. विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांच्या प्रयत्नांतून लोणीजवळ प्रवरेचा सहकारी साखर कारखाना उभा राहिला आणि १९५० च्या अखेरीस त्याचे गाळप सुरू झाले. सहकाराने या भागातल्या लहान शेतकऱ्याला जी पत आणि प्रतिष्ठा दिली, तिचे मोल कमी करता येणार नाही. पण शेतीच्या हिशेबात एक गोष्ट घडली. बाग गेलेल्या शेतकऱ्याला उसाकडे वळणे सोपे झाले. उसाला ताण लागत नाही, त्याला बहर नसतो. जितका ऊस वाढला तितकी ओल वाढली, आणि उरलेल्या बागांना ताण देणे आणखी अवघड झाले. पट्टीही पिकाच्या एकरावर होती, पाण्याच्या घनमापावर नाही. एकदा पैसे भरले की कमी पाणी घेण्यात कोणाचाच फायदा नव्हता.

मोसंबी पुढे जालना-औरंगाबादकडे सरकली. आमच्या पट्ट्यात तिची जागा काही अंशी पेरूने घेतली. राहात्याचा पेरू आज शिर्डीला येणाऱ्या भाविकांनाही माहीत आहे. त्यामागे बाजार आहे तसे मातीचे कारणही आहे. पेरू चुनखडी आणि थोडाफार खार मोसंबीपेक्षा बराच सोसतो. पाटाखालच्या बिघडू लागलेल्या जमिनीने आपल्याला पेलेल असे झाड जणू निवडून घेतले.

फुल्यांचा पाटबंधारा

१९६८ साली स्थापन झालेल्या आणि राहुरीला मुख्य ठाणे असलेल्या कृषी विद्यापीठाला महात्मा फुले यांचे नाव आहे. ते केवळ आदरापोटी दिलेले नाव मानू नये. फुल्यांनी स्वतः पुण्याजवळ मांजरीला पाटाच्या पाण्यावर बागायत केली होती. १८८३ च्या 'शेतकऱ्याचा असूड' मध्ये त्यांनी सरकारला जे उपाय सुचवले ते आज मृदसंधारणाच्या कोणत्याही पाठ्यपुस्तकात शोभावेत. पावसाच्या पाण्याबरोबर डोंगरावरचा पालापाचोळा आणि कुजलेल्या जीवांचे सत्त्व वाहून जाते. ते शेतात मुरावे म्हणून फौजेतल्या आणि पोलिसातल्या रिकाम्या हातांकडून ताली आणि बंधारे बांधून घ्यावेत. तळ्यांतला गाळ पूर्वीसारखा शेतकऱ्यांना द्यावा. आणि पाटाचे पाणी तोटी बसवून मोजून द्यावे. तोटीचा मुद्दा मला फार महत्त्वाचा वाटतो. पाटाच्या पहिल्याच पिढीत, शेतकऱ्याच्या बाजूने बोलणारा माणूस पाणी मागताना त्याचे मापही मागत होता.

माळावरचे डाळिंब

पाटाखालची बाग ओलीने गेली, त्याच सुमारास पाट नसलेल्या माळावर दुसरी बाग येत होती. १९७२ च्या दुष्काळानंतर विंधनयंत्रे गावोगाव पोचली, विजेचे पंप आले. १९९०-९१ पासून राज्याने फळबाग लागवड रोजगार हमी योजनेला जोडली. लहान शेतकऱ्याला खड्डे खणण्यापासून रोपापर्यंत अनुदान मिळू लागले. ठिबक सिंचनाने झाडाच्या मुळाशीच थेंब पोचवला. संगमनेर, पारनेर, पाथर्डी, श्रीगोंदा, कर्जतच्या मुरमाड माळावर डाळिंब, लिंबू, सीताफळ, बोर उभे राहिले. डाळिंबाच्या बाबतीत तर पुण्याच्या गणेशखिंडीत डॉ. जी. एस. चीमा यांनी १९३६ साली निवडलेल्या 'गणेश' वाणापासून राहुरीच्या 'मृदुला' आणि 'भगवा' पर्यंतची सगळी परंपरा महाराष्ट्राचीच आहे. 'भगवा' आल्यावर डाळिंब खऱ्या अर्थाने निर्यातीचे पीक झाले.

मुरमाड माळ डाळिंबाला मानवतो, कारण तिथे निचरा आहे आणि ताण हवा तसा बसतो. पाटाखालच्या मोसंबीला जे मिळाले नाही ते माळाने डाळिंबाला दिले. तरीही ही बाग सुरक्षित राहिली नाही. या शतकाच्या आरंभापासून तेलकट डागाचा जिवाणूजन्य रोग, म्हणजे 'तेल्या', बागांवर उतरला. पावसाळी दमट हवेत तो भडकतो, म्हणून कित्येकांना मृग बहर सोडून हस्त बहराकडे वळावे लागले. दुसरा 'मर' रोग. भारी जमीन, दाट लागवड, गरजेपेक्षा जास्त पाणी असेल तिथे तो झाडामागून झाड घेऊन जातो. बाजार चढल्यावर डाळिंब माळावरून खाली काळ्या रानात उतरले, तेव्हा श्रीरामपूरच्या मोसंबीची गोष्ट दुसऱ्या फळाच्या नावाने पुन्हा सुरू झाली.

आणि पाण्याचे काय? ठिबकने एका झाडाचे पाणी खरोखर कमी होते. पण वाचलेल्या पाण्यावर शेतकरी आणखी एक एकर लावतो. त्याच्या जागी मीही लावला असता. बेसॉल्टच्या खडकात पाणी फटींत आणि झिजलेल्या थरांतच साठते. भांडे लहान आहे. शेजाऱ्याची कूपनलिका पन्नास फूट खोल गेली की आपल्याला शंभर फूट जावे लागते. पाऊस साठवण्यासाठी कल्पिलेली शेततळी प्लास्टिकचे अस्तर लावून विहिरी-कूपनलिकांच्या पाण्याने भरली जातात. म्हणजे जमिनीखाली सावलीत असलेले सगळ्या गावाचे पाणी उन्हात आणून एकाच्या नावावर ठेवायचे. त्यातले काही वाफ होऊन जाते. मोटेने घातलेले माप पाटाने जमिनीवर मोडले होते. विंधनयंत्राने ते जमिनीखाली मोडले.

ताळेबंद

माप परत घालता येते का? याच जिल्ह्यात त्याची उदाहरणे आहेत. हिवरेबाजारमध्ये १९८९ साली पोपटराव पवार सरपंच झाले. माथ्यापासून पायथ्यापर्यंत चर आणि बंधारे, कुऱ्हाडबंदी, चराईबंदी ही कामे पुष्कळांना माहीत आहेत. मला त्याहून मोठी वाटते ती त्यांची दुसरी गोष्ट : शेतीसाठी कूपनलिका घ्यायची नाही, ऊस-केळी लावायची नाही, आणि दर वर्षी पाऊस मोजून पाण्याचा ताळेबंद ग्रामसभेत मांडायचा. आधी माणसे आणि जनावरे, मग उरलेल्यात पीक. पाऊस कमी तर पीक बदलायचे. १९९३ साली नगरमध्ये सुरू झालेल्या वॉटरशेड ऑर्गनायझेशन ट्रस्टने संगमनेर तालुक्यात दरेवाडीसारख्या गावांत हाच क्रम धरला : आधी डोंगर, मग शेत.

पाटावरचे उदाहरण शेजारच्या नाशिक जिल्ह्यात आहे. दिंडोरी तालुक्यातल्या वाघाड धरणाच्या कालव्यावर, शेवटच्या टोकाच्या गावांत पाणी पोचत नव्हते. बापू उपाध्ये आणि भरत कावळे यांच्या समाज परिवर्तन केंद्राने १९९१ च्या सुमारास तिथे पाणीवापर संस्था उभ्या केल्या. त्यांतल्या एकीचे नाव महात्मा फुले. या संस्थांनी पाणी घनमापावर विकत घेतले आणि सभासदांना मोजून दिले. मोजलेले पाणी महाग वाटू लागले, तशी तिथली शेती थोड्या पाण्यात जास्त पैसा देणाऱ्या द्राक्षाकडे वळली. २००५ साली राज्याने शेतकऱ्यांकडून सिंचन व्यवस्थापनाचा कायदा केला, त्यामागे असे अनुभव होते. फुल्यांची तोटी सव्वाशे वर्षांनी कायद्यात आली.

बागेच्या आतही माप असते. मोसंबीच्या खोडाला पाणी लागू नये म्हणून दुहेरी आळे करायचे, दोन ओळींत उथळ चर ठेवून तो बांधाबाहेरच्या मोठ्या चराला जोडायचा, ताग-धैंचा गाडायचा, छाटणीचा काडीकचरा न जाळता आच्छादन म्हणून पसरायचा. सेंद्रिय पदार्थ मातीचे कण धरून ठेवतात, त्यामुळे हवाही राहते आणि ओलही. चोपण जमिनीत जिप्सम घालतात. त्यातले कॅल्शियम सोडियमला मातीच्या कणावरून हुसकते. पण हुसकलेले सोडियम धुऊन जायला निचरा हवा, नाहीतर ते तिथेच राहते. पुन्हा आपण १९१० च्या पुस्तिकेपाशीच येतो.

निळवंड्याचे पाणी

हा इतिहास मला आज महत्त्वाचा वाटतो त्याला कारण आहे. भंडारदऱ्याच्या खाली प्रवरेवरच निळवंड्याचे धरण झाले आहे. १९७० पासून कागदावर असलेल्या या प्रकल्पाच्या डाव्या कालव्याचे लोकार्पण पंतप्रधानांच्या हस्ते २६ ऑक्टोबर २०२३ रोजी शिर्डीला झाले. अकोले, संगमनेर, राहाता, कोपरगाव या तालुक्यांतल्या ज्या गावांनी प्रवरेचे पाणी आयुष्यभर लांबून वाहताना पाहिले, टँकरवर लग्ने उरकली, त्यांच्या शिवारात आता पाट आला. चाचणीचे पाणी सुटले तेव्हा लोकांनी त्याची ओटी भरली, गुलाल उधळला. पन्नास वर्षांच्या वाटेनंतर हे होणारच. त्या आनंदात 'जपून' म्हणणारा माणूस कोणालाही आवडणार नाही, आणि पाटाखालच्या जिल्ह्यातल्या माणसाने ते जिरायती भावाला सांगणे तर शोभतही नाही.

तरीही ते सांगायला हवे, कारण निळवंड्याच्या पट्ट्यात आज माळावरचे डाळिंब आहे, आणि ते टिकले आहे निचऱ्यावर आणि ताणावर. पाणी आले की पहिली दहा वर्षे सुगीची असतात. प्रवरेवरही होती. खार पहिल्या दशकात फुटत नाही. भूजल हळूहळू चढते आणि जेव्हा पांढरी बुरशी ढेकळांवर दिसू लागते तेव्हा तीस वर्षांचे नुकसान झालेले असते. शिवाय खाली जायकवाडी आहे. २००५ च्या जलनियमन कायद्याने वरच्या आणि खालच्या धरणांत समन्यायी वाटप बंधनकारक केले आहे, त्यामुळे तुटीच्या वर्षी नगर-नाशिकचे पाणी मराठवाड्याला सोडावे लागते. जे पाणी दर वर्षी हक्काने मिळेलच असे नाही त्याच्यावर बारमाही ऊस उभा करणे आणि बाग उभी करणे, दोन्ही धोक्याचेच. पण बागेला एक सोय आहे. तिला थोडे पाणी पुरते आणि थोडी तहान लागतेच.

प्रवरेच्या पाटाखालच्या जमिनीत आधी पाट, मग ऊस, मग खार आणि सर्वांत शेवटी चर असा क्रम घडला. निळवंड्याच्या गावांना तो उलटा लावण्याची संधी आहे : प्रत्येक ओढा-नाला मोकळा ठेवून निचऱ्याची वाट आधी, पाणीवापर संस्था आणि घनमाप आधी, विहिरींतल्या पातळीची नोंद गावाच्या भिंतीवर आधी, आणि मग पाणी. पाट जसा सगळ्यांच्या पैशांतून झाला, तसा चरही व्हावा. तो एकट्या शेतकऱ्याचा खर्च नव्हे, हे शंभर वर्षांच्या अनुभवानंतर तरी मान्य व्हायला हरकत नसावी.

या दिवाळीत हस्त बहराचे डाळिंब झाडावर बोराएवढे असेल, आणि आंबियासाठी मोसंबीचे, लिंबाचे पाणी तोडण्याचे दिवस जवळ आले असतील. निळवंड्याच्या नव्या पाटाकाठी ज्यांनी यंदा पहिल्यांदा बाग लावली आहे, त्यांना ताण द्यायला अजून तीन-चार वर्षे आहेत. त्या वेळी पाणी तोडल्यावर जमीन वाळेल की नाही, याचा निकाल मात्र आत्ताच, चर कुठून काढायचा या गावातल्या बैठकीत लागणार आहे.